जुन्या लुगड्यांच्या पिशव्या

पुणे, सोमवार

ती. आईस अक्षदाचा शिरसाष्टांग नमस्कार.

मी बरी आहे, दोन्ही वेळा जेवते. तुझा गुडघा कसा आहे?

पण आई, डोकं लई तापलंय. आपल्या गावच्या, वाशीच्या बायकांकडून मी पिशव्या शिवायला जुनी लुगडी मागून आणली होती ना? ती गोदामातच पडून राहिली, उंदरांनी कुरतडली. आमचे मालक बाजारातलं नवं कापड आणून दगडानं घासून जुनं करतात! जुनं धुवायला, निवडायला वेळ जातो म्हणे. वर पिशवीला चिठ्ठी, ‘जुन्या लुगड्यांपासून बनवलेली’.

आज मला घासायला बसवलं. मी दगड खाली ठेवला. म्हणलं, “मथुराकाकूनं मेलेल्या सासूचं लुगडं विश्वासानं दिलंय. ही लबाडी माझ्या हातनं व्हायची न्हाय.”

मालक म्हणाले, “मग उद्यापासून येऊ नको.”

तसं शिवणाऱ्या सहाही जणींनी मशिनी बंद केल्या. दुपारी मालकांनी गोदामाची किल्ली माझ्या हातात दिली, म्हणाले, “काढ ती जुनी लुगडी, त्याच्याच पिशव्या शिवा.”

नोकरी आहे, घाबरू नको. पण निम्मी लुगडी वाया गेली. बायकांना हे माझं नाव घेऊनच सांग. काही झाकू नको.

तुझी,
अक्षदा