पिशवीतला ब्रश

रविवार, ७ सप्टेंबर, दुपार

प्रिय लांबोबा,

कारण असल्याशिवाय मी पत्र लिहीत नाही हे तुला माहीत आहे, तेव्हा जरा धीर धर. इकडे सगळं ठीक. तुझ्या मातोश्री ठणठणीत आहेत. रेडिओ इतक्या मोठ्याने लावतात की शेजाऱ्यांनाही बातम्या तोंडपाठ झाल्यात. तुझी सायकल मी मोडलेली नाही, आरसा तेवढा गेला.

शाळेत यंदा मला पहिलीचा वर्ग दिलाय. सध्या पाच इंद्रियांचा पाठ चालू आहे. नियम एकच: दिसलं, ऐकू आलं, हाताला लागलं तेवढंच सांगायचं, वाटलं ते नंतर. पोरं फार काटेकोर आहेत. परवा मी म्हणाले, आज सगळे खूश दिसताहेत, तर पहिल्या बाकावरची चिमणी उठून म्हणाली, फक्त दात दिसताहेत.

शुक्रवारी स्पर्शाचा तास होता. कापडी पिशवीत वस्तू ठेवायची आणि न बघता हात घालून ती कशी आहे ते सांगायचं. मी लिंबू आणायला विसरले होते. सकाळी न्हाणीघरातल्या फळीवरचा तुझा दाढीचा ब्रश घाईघाईत पिशवीत टाकला. घाई म्हणतेय खरी, पण शेजारी कंगवाही होता.

मऊ आहे. खाली दांडा आहे. दांडा गार आहे. एकाने ब्रश बाहेर काढून कानाशी नेला आणि बोटाने खसखस वाजवून बघितला. एकाची जीभ बाहेर आली होती, ती वेळीच आत घालायला लावली. वास साबणाचा, पण थोडासाच. मी सगळं फळ्यावर लिहीत होते. तास छान रंगला होता.

मग चिमणीने ब्रश गालावरून फिरवला आणि म्हणाली, "बाई, हा कोरडा आहे. आमच्या बाबांचा ओला असतो."

फळ्यावर "कोरडा" लिहायचं, एवढंच काम होतं. लिहिलं, पण अक्षर असं आलं की पोरांना वाचता येईना.

घरी येऊन मीही वास घेतला. पोरांना आला तेवढाच साबण मला आला, तू नाही आलास. मग बसून रडले. रेडिओ चालू होता म्हणून बरं.

गेल्या आठवड्यात फोनवर तू विचारलंस, पुलाचं काम आणखी दोन वर्षं चालेल, साहेब नव्या करारावर सही मागताहेत, करू का? मी "तुझं तू ठरव" म्हटलं आणि भाजीवाल्याचं काहीतरी सांगत बसले. तुला तो समजूतदारपणा वाटला. तो नव्हता. लहानपणापासून तुला पूल बांधायचे होते, आणि मला तुझ्या पायातली बेडी व्हायचं नव्हतं. म्हणून गप्प बसले.

मला तुझी फार आठवण येते. काही मजेशीर घडलं की मी सांगायला मान वळवते, तर तिथे भिंत. आईंशी भांडावं म्हटलं तर त्यांना ऐकू येत नाही.

सही करू नकोस. घरी ये. त्या पुलात तुझा जीव अडकला असेल तर तसं स्पष्ट कळव. मी समजून घेईन, असं मात्र आता लिहिणार नाही.

वाट बघते आहे हे लपवायचं सोडलेली,
तुझी बायको