बसून दोन, पडून चार

४ फेब्रुवारी

पडून! मी पडून जायचं!

वाहन कचेरीतून आज गाडीचं पुस्तक आलं. लष्कराने काढून टाकलेली रुग्णवाहिका, वय पंचावन्न. जाहिरात मीच आधी पाहिली होती. मागच्या स्ट्रेचरवर झोपायचं, स्टोव्हवर रांधायचं आणि वर्षभर देश पालथा घालायचा – हा आम्हा दोघांचा बेत. पण पुस्तकात लिहिलंय: बसून दोन, पडून चार. जुनी नोंद बदलत नाही म्हणे. कारकून म्हणाला, "बाई, मागे बसायला परवानगी नाही. मागे फक्त पडायचं. पट्टा लावून."

हे हसले. वर म्हणतात, "मी चालवणार, धाकटा शेजारी बसेल." झालं, ठरलं! धाकटा म्हणजे ह्यांचा भाऊ. भाऊजी एकटे, आमच्याच घरी राहतात, म्हणून प्रवासालाही येणार. येऊ देत. पण पुढे ते आणि मागे मी? एकतीस वर्षं नकाशांच्या कचेरीत मान मोडून रस्ते काढले. त्यातला एकही पाहिला नाही. आता पाहायचे, तर खिडकीला दुधी काच!

५ फेब्रुवारी

रागाने जेवले नाही. मग जेवले. राग तसाच.

११ फेब्रुवारी

पहिली चाचणी. तलावाच्या काठाकाठाने जाणारा रस्ता, अकरा किलोमीटर. हा तलाव मी तीन आवृत्त्यांसाठी रंगवलाय. निळा, नंबर दोनची शाई. आज अकरा किलोमीटर त्याच्या शेजारून गेले आणि पाहिलं काय? छत! छताला एकशे बारा रिव्हेट आहेत. जाताना मोजले, येतानाही तेवढेच भरले.

पुढच्या केबिनला एक सरकती झडप आहे, वहीएवढी. तिच्यातून नुसते आवाज येतात. भाऊजींच्या तोंडाला खळ नाही – "दादा, डावीकडे घे. अजून जरा. सायकल आहे. हं, आता सरळ." चाळीस वर्षं गाडी चालवणारा माणूस, आणि हे सगळं मुकाट्याने ऐकून घेतो! मी घरच्या गाडीत एकदा "हळू" म्हटलं तर दोन दिवस तोंड फुगलं होतं.

तलावावर उतरूसुद्धा दिलं नाही. "ऊन उतरायच्या आत घरी पोचायचं." झडप बडवून ओरडले, "तुम्हाला काय! तुम्हाला सगळं दिसतंय!"

१९ फेब्रुवारी

सरळ विचारलं. मी पुढे बसते, भाऊजी पडतील मागे.

"त्याला रस्ता कळतो."

"आणि मला?"

"तुला नकाशा कळतो."

डोक्यात तिडीक गेली. भाऊजी ताटात बघत बसले होते. चप्पल घातली आणि तडक ड्रायव्हिंग स्कूल गाठलं. छोट्या गाडीचा परवाना आहेच, आता जड वाहनाचा काढणार. शिकवणारा म्हणतो, "काकू, ट्रक? घरी विचारलंत का?" म्हटलं, घरी मला कोण विचारतं!

इथे कोणाला पत्ता लागू दिलेला नाही. मैत्रिणीकडे जाते म्हणून सांगते.

२ मार्च

गाडी आत घेताना फाटकाच्या खांबाला घासली. हे म्हणाले, खांब पुढे आलाय. खांब! पुढे आलाय! लग्न झाल्यापासून तो खांब तिथेच आहे, माझ्यासारखा.

१४ मार्च

 

आज दुसरी चाचणी होती. मी मागे, पट्ट्यात. झडपेतून भाऊजी ओरडले, "दादा, लाल! लाल आहे!" आणि ह्यांचा आवाज – "कुठे?"

कुठे!

ब्रेक लागला. स्टोव्ह माझ्या पायावर आला. पायाचं काही वाटलं नाही. तो "कुठे" डोक्यातून जाईना.

घरी आल्यावर कागद पुढे केला. म्हटलं, मागच्याने पडूनच राहायचं हे नक्की कुठे लिहिलंय, वाचून दाखवा. ह्यांनी चष्मा लावला, कागद लांब धरला, तिरका धरला आणि घडाघडा म्हटलं, "बसून दोन, पडून चार."

माझ्या हातातून घेतलेलं ते वीजबिल होतं.

भाऊजी उठून बाहेर गेले. म्हणजे त्यांना ठाऊक! आठ महिने ठाऊक! समोरच्याचं तोंड दिसत नाही, कडेचं तेवढं दिसतं, असं हे आत्ता सांगतात. आठ महिने ह्यांना माझं तोंड दिसत नाहीये आणि मी मेली चिडून तोंडं वाकडी करत बसले!

मी ओरडले, फार ओरडले. मला मागे बांधून गाडी चालवत कोण होतं? कोणीच नाही! रस्त्यावर माणसं होती, पोरं होती. कोणी चाकाखाली आलं असतं तर? मला पुढे का बसू दिलं नाहीत?

"पुढे बसली असतीस तर तुला कळलं असतं. मग गाडी विकली असतीस."

किल्ली पिठाच्या डब्यात पुरून ठेवली आहे. माफ केलेलं नाही.

१५ मार्च

डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येणार नाही. उरलेलं किती टिकेल ते सांगता येत नाही. हे घरी येऊन म्हणाले, "गाडी विकून टाक."

९ जून

परवाना आला. जड वाहन. फोटोत दरोडेखोर दिसते.

किल्लीचं पीठ पुसलं. भाऊजींना मागे झोपवून पट्टा मी स्वतः आवळला. हे शेजारी बसले, हात मांडीवर. तलावाचा रस्ता लागला तसं म्हणाले, "काय दिसतंय गं?"

मी गिअर बदलला. राग आहेच अजून.

मग म्हटलं, "डावीकडे तलाव आहे. निळा नाहीये हो. करडा आहे. एकतीस वर्षं चुकीची शाई भरली मी."