आवक क्रमांक चारशे सतरा

४ मार्च

ती. काकांस,
भिंगरीचा सा. न. वि. वि.

पत्र लिहायचं दोन वर्षं टाळलं. तीनदा कागद घेतला. एकाची होडी झाली, एकात खिळे बांधले, तिसऱ्या वेळी पेन संपलं. कारणं देऊ नकोस म्हणाल, म्हणून थांबते.

तुम्ही जनरल होतात ते आता संरक्षण सचिव झाल्याचं वर्तमानपत्रात वाचलं, तेही अर्धंच. उरलेल्या अर्ध्यावर रंगाचा डबा होता. फोटोत तुम्ही खुर्चीत बसलायत असं नाही, खुर्ची काबीज केलीय असं वाटतं. मी इथे नदीकाठच्या कारखान्यात होड्यांवर नावं रंगवते. फोरमन म्हणतो, अक्षर सुंदर, शुद्धलेखन बेवारशी. त्याआधी एका घड्याळजीकडे होते, पण तिथे वेळच जाईना. त्याच्याकडे एक घड्याळ होतं, ते उलटं... जाऊ दे, मुद्दा राहतोय.

मुद्दा असा. आईबाबांमागे तुम्ही मला वाढवलंत, सैन्याच्या अकादमीत मला जागा मिळाली तेव्हा माझे बूट स्वतः पॉलिश केलेत, आणि गाडी दारात उभी असताना मी मागच्या दाराने सायकलवरून पळाले. या घरात तिचं नाव निघणार नाही, असं तुम्ही म्हणाल्याचं कळलं. राग असेल तर असू दे. पण घरी येऊ का? नव्या बंगल्याचा पत्ता नाही, म्हणून कचेरीत पाठवतेय.

लोभ पूर्वीएवढा नको, निम्मा चालेल.

तुमची,
भिंगरी

२९ मार्च

चि. भिंगरीस,
काकूचे अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं, पण घरी नव्हे. ह्यांनी पदावर येताच हुकूम काढला होता, की खालच्या सगळ्यांचे अभिप्राय असल्याशिवाय एक कागद माझ्यापुढे येता कामा नये. शिफारशी आणणाऱ्यांना आळा बसावा म्हणून. त्यात पहिली सापडलीस तू. आवक क्रमांक चारशे सतरा.

कागद पाच टेबलं फिरला, ही सगळी हकीकत मला तिथल्या टायपिस्ट बाईंनी कळवली. पहिल्याने लिहिलं, अर्जदार येऊ इच्छिते, मुक्काम किती दिवस ते नमूद नाही. दुसऱ्याने विचारलं, सायकल सरकारी होती काय. कायदेवाल्याने लिहिलं, राग या शब्दाची व्याख्या नियमांत आढळत नाही. टायपिस्ट बाईंना काही लिहायचा अधिकारच नाही, तरी त्यांनी कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलं, येऊ द्यावे. त्याखाली उपसचिवांची सही आणि 'सहमत'.

मग ह्यांच्याकडे आला. सैन्यात सहा तासांत नदीवर पूल टाकणारा माणूस, तुझ्या एका ओळीवर अकरा दिवस बसला. शेवटी काय लिहावं? अर्जदार माझी पुतणी असल्याने मला निर्णय घेता येत नाही, मंत्रिमहोदयांकडे सादर. आणि मंत्री परदेशी.

मला विचारशील तर हे कचेरीत सुखी नाहीत. पहाटे पाचला उठून जातात आणि कुलूप उघडेपर्यंत बंद दारापुढे विश्राम स्थितीत उभे राहतात. पहिल्याच आठवड्यात एका फाइलवर 'तातडीचे' लिहिलं, तर ती तातडीच्या ढिगात तळाशी गेली. घरी मात्र तू विसरलेला सायकलचा पंप दाराआड टांगलेला आहे आणि दर रविवारी त्याला तेल मिळतं. मी तुझं नाव काढत नाही. पंपाला तेल दिलंत का, एवढंच विचारते.

तब्येतीला जप. माया आहे तशीच आहे, तिला सही लागत नाही.

तुझी,
काकू

८ एप्रिल

ती. काकूस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून इतकी हसले, की 'रणरागिणी'ची 'रणरागणी' झाली. तशीच वाळत ठेवलीय.

पण खरं सांगते. परवा एक होडी समुद्राकडे निघतेय, रंगारी म्हणून मला बोलावतायत. वर्षभर तरी परतणार नाही. मंत्री येईपर्यंत मी कुठल्या बंदरात असेन कोण जाणे. काकांनी स्वतःच्या हाताने नुसतं 'ये' लिहिलं असतं, तर

थांब. आत्ता फोरमन हसत वर आला. म्हणतो, खाली एक म्हातारा पहारेकऱ्याच्या जागेसाठी आलाय, उभं राहणं झकास आहे, पण ओल्या होडीवर बोट ठेवून वेलांटी राहिलीय म्हणतो.

खिडकीतून पाहिलं. काकू, बोट निळं झालंय. पंप छडीसारखा काखेत आहे. फोरमनने थांबा म्हटलं म्हणून ते थांबलेत, विश्राम स्थितीत. मंत्र्यांना विचारून आलेत का, की तेही मागच्या दाराने?

या शेडलाही दोन दारं आहेत. मी पुढच्याने जातेय.

लोभ आता पूर्ण लागेल.

तुझी,
भिंगरी