झोराच्या बापाची चौदा मिनिटं

५ जानेवारी २०२५, रविवार. सकाळी ११.
'नवव्या चंद्राची पोर' भाग तीन पाहिला, हिंदी डबिंगमध्ये. डोकं फिरलं. दोन भाग जिच्यासाठी जीव टाकला ती झोरा, चंद्रावर बर्फाच्या लाद्या वाहणारी, कुणाचीच कोणी नसलेली, स्वतःच्या हिमतीवर यान चालवायला शिकलेली. तिसऱ्या भागात निघते कोण, तर सम्राटाची हरवलेली मुलगी! मानेवरची निळी खूण चमकते आणि सगळी आकाशगंगा गुडघ्यावर. म्हणजे यान हिमतीने नाही, रक्ताने चालवलं. माधवीला सांगितलं. बायको म्हणून काहीतरी वाटेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, मटार सोला.
सोलता सोलता ठरवलं. तेवीस वर्षं लग्नाचे व्हिडिओ एडिट करतोय. रुसलेल्या आत्यांना हसताना दाखवलंय मी. एका राजकन्येला गरीब करायला कितीसा वेळ लागतो? झोराचा बाप कापायचा. माणूस जन्माने मोठा होत नसतो, हे उल्हासनगर कॅम्प एकमधून जगाला कळलं पाहिजे.
डेडलाइन : २६ जानेवारी. दिवसही शोभतो.

७ जानेवारी, मंगळवार.
दुकानात बाप मोजला. बरोबर चौदा मिनिटं. कापला.
बाप गेला, सम्राट उरला. आता यानाचं दार आपोआप उघडतं आणि सम्राट विनाकारण रडतो. समोरच्या दुकानातला भावेश बघून गेला. म्हणाला, अंकल, ये रो क्यूँ रहा है? त्याला कला कळत नाही. तो ड्रोनवाला.

१२ जानेवारी, रविवार.
झोराला नवी आई हवी. अंबरनाथला एका बंद कारखान्याचं गोडाऊन मिळालं, हुबेहूब चंद्र. माधवीला रेनकोट घालून उभी केली. बर्फाची लादी मासळी बाजारातून आणली, त्यामुळे चंद्राला बोंबलाचा वास. डायलॉग सोडून ती मध्येच "घरी कधी जायचं?" म्हणाली. ठेवलाय. फार अर्थपूर्ण वाटतो.

१९ जानेवारी, रविवार.
मराठी डबिंग करायचं ठरवलं. म्हणजे हवे ते डायलॉग घालता येतात. आमच्या पोराने, अक्षयने, ऑफिसमधली मैत्रीण आणली, मैत्रेयी जाधव. आवाज खणखणीत. पहिल्या टेकमध्ये ओके. नाव कसं उपनिषदातलं. आडनाव जाधव, म्हणजे आपल्यातलीच. असं आपलं सहज मनात आलं. मी काही मानत नाही.
तिला पूर्ण कथा सांगितली. म्हणाली, "काका, हे तुम्ही खरंच मनापासून करताय?" म्हटलं, तत्त्वाचा प्रश्न आहे. तिचे डोळे पाणावले. भावेशने हे बघायला हवं होतं.

२६ जानेवारी.
डेडलाइन पुढे. आता गुढीपाडवा. घाईत क्वालिटी जाते.

२ फेब्रुवारी, रविवार.
अक्षय म्हणाला, मैत्रेयीशी लग्न करायचंय. मी एका सेकंदात हो म्हणालो. माधवी बघतच राहिली. मी म्हटलं, घराणं बिराणं विचारणारा बाप मी नव्हे, पिक्चरमधलासुद्धा कापून टाकला. अक्षय गळ्यात पडला. असा बाप मिळायला भाग्य लागतं.

९ फेब्रुवारी, रविवार.
विठ्ठलवाडीला मुलीकडे. दोन खोल्या, अत्यंत स्वच्छ. समोरच्या भिंतीवर बुद्ध, शेजारी बाबासाहेब, मोठ्ठी फ्रेम, हार ताजा. मैत्रेयीचे वडील मिलिंदराव हात जोडून म्हणाले, जय भीम.
मला काही फरक पडला नाही. चहा मात्र पिता पिता थंड झाला.
रिक्षात अक्षयला म्हटलं, आधी सांगायचंस. तो म्हणाला, पप्पा, तुम्ही विचारलंच नाहीत. तुम्ही मानत नाही ना? बरोबर आहे. मी मानत नाहीच. पण गावाकडची, सोनिवलीची भावकी मानते. त्यांचा मला विचार करावा लागतो. मोठ्या मनाच्या माणसाला सगळ्यांचाच विचार करावा लागतो.

२३ फेब्रुवारी, रविवार.
साखरपुडा. त्यांच्याच घरी, मोजक्या माणसांत. ही आयडिया माझी. भावकीला सांगितलं, खोली लहान आहे, व्हिडिओ दाखवीन. मेणबत्त्या, पांढरे कपडे, त्रिशरण, पंचशील. मैत्रेयी सुंदर दिसत होती. शूट मीच केलं. मुलाचा बाप म्हणून फ्रेममध्ये यायचं होतं, तेवढा वेळ कॅमेरा स्टँडवर लावला.

२६ फेब्रुवारी, बुधवार.
व्हिडिओ भावकीसाठी थोडा 'टाइट' केला. भिंत क्रॉप केली. जिथे क्रॉप होईना तिथे गुलाबाच्या पाकळ्या पाडल्या. बुद्धांवर फार पाकळ्या पडल्या, वाईट वाटलं, पण पर्याय नव्हता. वंदना म्यूट करून सनई टाकली. मिलिंदरावांच्या जय भीमवरही सनई आणि लगेच कट. पुसलेलं नाही, फक्त बाजूला ठेवलंय. टेक्निकल भाषेत याला कंटिन्युइटी म्हणतात.
एकूण कापली चौदा मिनिटं. योगायोग.

२ मार्च, रविवार.
सोनिवली. माझ्या काकांच्या नव्या फ्लॅटमध्ये मोठा टीव्ही, म्हणून तिथे. सगळी भावकी. मैत्रेयी सरप्राइज म्हणून अक्षयबरोबर आली, हातात करंज्यांचा डबा. मी तिला म्हटलं, तू आत बस, दमली असशील. ती पुढच्या सतरंजीवर बसली.
सनई सुरू. पाकळ्या. सगळं सुरळीत. मिलिंदराव आले, हात जोडले, ओठ हलले, सनई वाजली. काकांनी विचारलं, आवाज गेला काय?
माझी आत्या जनाबाई, वय ब्याऐंशी, कानाने पार बहिरी. तीच बोलली.
"जय भीम बोलला तो. मना ओठ दिसतान."
मी म्हटलं, आत्या, तुला चष्म्याशिवाय कुठे दिसतं. ती ऐकेना. ऐकू येतच नाही. टीव्हीकडे बोट करून म्हणाली, "ती पांढऱ्या लुगड्यातली गंगू ना? पोरीची आजी? ती नि मी एका खाचरात लावणीला वाकलोय. तिचं पानी मातर आमी येगलं ठेवायचो. ते मना अजून सलतंय."
मग काका म्हणाले, आम्हाला कधीचंच माहीत आहे, अक्षय जानेवारीतच सांगून गेलाय. करंज्या द्या.
म्हणजे मी एकटाच लपवत होतो. कुणापासून, ते कळेना.
मैत्रेयी शेवटपर्यंत बघत बसली. टीव्ही बंद झाल्यावर तिने एवढंच विचारलं,
"काका, माझ्या घरातली भिंत कुठे गेली?"
मी सांगितलं, लेन्सचा प्रॉब्लेम. चांगली लेन्स आहे ती.

४ मार्च, मंगळवार.
अक्षय बोलत नाही. मैत्रेयी डबिंगला येणार नाही, मेसेज आला. मेसेजमध्ये राग नाही, हेच वाईट. लिहिलंय, 'लग्न अक्षयशी आहे, ते होईल. पण व्हिडिओ पूर्ण हवा. आणि तुमच्या घरी येईन ती माझ्या घरातल्या भिंतीसकटच येईन.'
माधवीला वाचून दाखवला. ती म्हणाली, पोरगी बरोबर आहे. तिने मटार काढले नाहीत.

९ मार्च, रविवार.
पिक्चर ९९ टक्के पूर्ण. फक्त शेवटचा डायलॉग राहिला. झोरा सिंहासनापुढे उभी राहून म्हणते : 'मी कुणाची हे मला लपवायचं नाही आणि मिरवायचंही नाही.' मीच लिहिलाय, नवव्या ड्राफ्टला. मैत्रेयीशिवाय दुसरा आवाज लावून पाहिला, भावेशच्या बायकोचा. नाही जमत. सध्या झोराचे ओठ हलतात, आवाज नाही. तरी काय म्हणते ते कळतं.

१६ मार्च, रविवार.
साखरपुड्याचा न कापलेला व्हिडिओ रेंडर करायला बसलो. चौदा मिनिटं परत आली. भिंत, फ्रेम, ताजा हार, वंदना. सगळं छान आहे. एकच गोष्ट आधी लक्षात आली नव्हती. त्या चौदा मिनिटांत मी फ्रेममध्ये आहे. सगळे भिंतीकडे बघतायत, मी माझ्या पायांकडे. मिलिंदराव जय भीम म्हणून हात जोडून उभे आहेत आणि मी कॅमेऱ्याचा रिमोट शोधल्यासारखं करतोय. मोजलं. सहा सेकंद ते तसेच उभे होते.
सहा सेकंद म्हणजे एडिटिंगमध्ये फार असतात. कापायला कर्सर नेला. लाज वाटली. खरंच वाटली, इथे लिहायला हरकत नाही.
कापलं नाही. पेन ड्राइव्ह स्वतः विठ्ठलवाडीला नेऊन दिला. दारात मिलिंदराव. या वेळी मीच आधी म्हणालो. त्यांनी आत बोलावलं. चहा गरम होता.
मैत्रेयी घरात नव्हती. किंवा आतल्या खोलीत होती. विचारायचं धाडस झालं नाही.

२३ मार्च, रविवार.
गुढीपाडव्याची डेडलाइन रद्द. पिक्चर होईल तेव्हा होईल.
लग्नाची तारीख ठरली, १८ मे. मी अक्षयला प्लॅन दाखवला : तीन कॅमेरे, क्रेन, सगळं मी जातीने बघणार. त्याने कागद घडी करून परत दिला. मग म्हणाला, शूटिंग आणि एडिटिंग भावेशला दिलंय. मैत्रेयीची अट नाही, माझी आहे.
तेवीस वर्षांत अर्ध्या उल्हासनगरची लग्नं मी केली. पोटच्या पोराचं भावेश करणार. ड्रोनवाला.
मी विचारलं, मग मी काय करायचं?
"पप्पा, तुम्ही फक्त फ्रेममध्ये उभे राहा. आणि समोर बघा."
दुपारी कपाटाच्या आरशापुढे हात जोडून प्रॅक्टिस केली. चौथ्या सेकंदाला नजर पायांवर जाते. अजून आठ आठवडे आहेत.