दोन अक्षरांचा ग्रास

३ सप्टेंबर, सोमवार. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटे.

निळ्या पेन्सिलीला टोक करता करता हे लिहीत आहे. छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून आज रुजू झालो! टेबल खिडकीशी मिळाले. त्याचा एक पाय आखूड आहे, त्याखाली पुठ्ठ्याची घडी सारलेली आहे. मालक म्हणाले, आमच्याकडे पगार वेळेवर येतो आणि चुका त्याच्याही आधी. सगळे हसले, मीही हसलो. समोर जुळारीकाका उभ्याने अक्षरांचे शिशाचे खिळे उचलून ओळी जुळवतात. एकतीस वर्षे असेच उभे आहेत. पहिल्याच तासात त्यांनी मला ‘मास्तर’ करून टाकले. मालकांनी शिक्षण विचारले तेव्हा शालान्त परीक्षा पास आहे असे सांगितले. शेवटच्या वर्षी माझी शाळा सुटली हे ताईखेरीज कुणाला ठाऊक नाही. पण माझे शुद्धलेखन चांगले आहे. ते खोटे नाही.

११ सप्टेंबर.

चंद्राच्या आणि भरतीच्या वेळांची सहामाही पुस्तिका तपासायला घेतली. नावाडी आणि शाळा ती विकत घेतात. ग्रहणांचे पान वाचताना मजा वाटली. ग्रहणांचीही घराणी असतात. एकच ग्रहण अठरा वर्षे, अकरा दिवस आणि आठ तासांनी परत येते. त्या आठ तासांमुळे ते जगाच्या दुसऱ्याच बाजूला दिसते. आपल्याकडे पुन्हा त्याच सुमाराला उगवायला तीन फेऱ्या लागतात, म्हणजे चौपन्न वर्षे आणि वर महिनाभर. हे वाचून दाखवले तर काका म्हणाले, माझा मेहुणाही असाच फिरून फिरून येतो, फक्त इतका धीर धरत नाही.

आज सतरा चुका धरल्या. अठरावी ग्रहणाच्याच ओळीत होती. १९ ऑक्टोबरपुढे ‘खंडग्रास’ असे जुळवलेले. शब्द ‘खग्रास’ आहे, शाळेत तोच शिकलो. टिंब आणि ड खोडले. काका प्रूफ घेऊन परत आले आणि मास्तर, हे नक्की ना, म्हणून विचारले. मी मान वर न करता नक्की म्हणालो.

८ ऑक्टोबर.

पुस्तिका वाटून झाल्या. आज एका शाळेचे पत्र आले. चंद्राचा तिसरा हिस्सा झाकणार असताना तुम्ही अख्खा चंद्र गिळलात, असे त्यात आहे. मी चोरून कोश उघडला. खग्रास म्हणजे पूर्ण. खंडग्रास म्हणजे थोडे. दोन्ही शब्द आहेत, दोन्ही बरोबर आहेत.

मालक प्रूफ शोधायला उठले. त्यांच्या आधी मी माझी निळी खूण असलेले ते प्रूफ टांगायच्या तारेवरून उपसले आणि शेगडीत घातले. मालकांनी काकांना विचारले. काकांनी माझ्याकडे पाहिले. फार वेळ नाही, खिळा उलटा की सुलटा हे बघतात तितकेच. मग म्हणाले, वय झालं मालक, हात चुकला असेल. संध्याकाळी त्यांना उद्यापासून येऊ नका असे सांगण्यात आले. जाताना त्यांनी माझ्या टेबलाखालचा पुठ्ठा पायाने नीट आत सारला.

मी तोंड उघडले असते तर नोकरी गेली असती आणि शाळेचा दाखला मागितला गेला असता. एवढेच कारण. याहून बरे कारण शोधले, सापडले नाही.

१० ऑक्टोबर.

दाढी करताना आरशात डाव्या कानावर काजळीसारखे काही दिसले. कड गोल, वाटीने आखल्यासारखी. आरसा पुसला, कान पुसला. जात नाही. हाताला कान लागतो. दुखत नाही.

१२ ऑक्टोबर.

काजळी गालावर आली आहे. कुणी काही म्हणत नाही. मात्र डाव्या बाजूला बसलेल्यांना माझे बोलणे ऐकू जात नाही.

जिन्यात कामगारांचा एक जुना फोटो आहे. दुसऱ्या रांगेतल्या एकाला सदरा आहे, गुंड्या आहेत आणि चेहऱ्याच्या जागी वाटोळा काळा डाग. मालक म्हणाले, शाई सांडली असेल. डाग काचेच्या आत आहे. मालकांच्या वडिलांच्या वेळचा तो मुद्रितशोधक. तेव्हाही ग्रहणाचा हाच शब्द चुकला आणि जुळाऱ्याला काढले. आमच्या घराण्यात जुळारी काढायची रीतच आहे, असे म्हणून ते हसले. ग्रहणाच्या संध्याकाळपासून तो मुद्रितशोधक पगारही न घेता बेपत्ता झाला. फोटोखाली त्याच दिवसाची तारीख आहे. तिथपासून या १९ ऑक्टोबरपर्यंत चौपन्न वर्षे, वर महिनाभर. तीनदा मोजली.

१५ ऑक्टोबर.

काजळीने डावा डोळा झाकला. चेहऱ्याचा बरोबर तिसरा हिस्सा. इथे थांबेल असे वाटले होते.

सगळे सांगून टाकायचे ठरवून मालकांच्या दारात उभा राहिलो. त्यांनीच पाठ थोपटली. नवा जुळारी चुकांचं पोतं आहे, तू आहेस म्हणून निभावतंय, म्हणाले. मी सांगितले नाही. शाबासकीची लाज वाटली. ती गोडही लागली. हे लिहिताना जास्त लाज वाटते.

१८ ऑक्टोबर.

थांबली नाही. नाकापलीकडे गेली. छाया छापलेला शब्द वाचते आहे. काकांनी जुळवलेला शब्द तसाच राहिला असता तर थोडक्यावर भागले असते— ती दोन अक्षरे मी—

उद्या सांगेन.

१९ ऑक्टोबर. संध्याकाळचे सात वाजून बारा मिनिटे.

गच्चीवर सगळे जमले आहेत. चंद्र उगवतानाच कुरतडलेला. छाया तिसऱ्या हिश्श्यावर अडली. मालक म्हणाले, बघा, काकांनी आपलं हसं केलं! मी ओरडलो, काकांनी नाही, मी. कुणी वळले नाही. पुन्हा ओरडलो.

चंद्र सुटतो आहे. माझ्यावरची छाया—

सात पन्नास. काकांच्या घराची पायरी.

दार वाजवले. काकांनी उघडले. चष्मा वर करून थेट माझ्यातून रस्त्याकडे पाहिले. कोण आहे, म्हणाले. मी सगळे सांगितले. दोनदा, मोठ्याने. वारा असेल, असे आत कुणाला तरी सांगून त्यांनी दार लावले.

हात अजून दिसतो. उजवा. हा कागद फाडून दाराखाली सरकवतो—

काका, हा कागद मालकांना दाखवा. तुमचा हात चुकला नव्हता. तुम्ही बरोबर जुळवले होते. प्रूफ मी जाळले. मी शालान्तही पास नाही. खाली सही करतो, म्हणजे कुणाला शंका नको. ऱ्हस्वदीर्घ नीट बघून लिहितो. माझे नाव