ठेसनावर घेतलेलं नाव

१० फेब्रुवारी
आले एकदाची नव्या घरात. मला अक्षर येत नाय, म्हणून माझ्या नातीने, मनस्वीने, फोन लावून दिलाय. मी बोलायचं, त्याने लिहायचं. ती वाचून दाखवते आणि हसते. ठेसनाचं तो बेसन करतो म्हणे.

खिडकीसमोरच लाइट रेल. पेण ते रोहा. मी विचारलं, लाइट गेली की ढकलायची का गो? मनस्वी म्हणाली, आजे, लाइट म्हणजे हलकी. म्हटलं, मग माझ्यासारखीच. तिला तिथे तिकिटाच्या खिडकीवर नोकरी लागली, म्हणून गडबच्या खाडीकाठचं घर सोडलं.

ठेसन उभं आहे खाडीचं पाणी अडवणाऱ्या आमच्याच जुन्या खारबांधावर, भराव घालून. उधाणात तो बांध फुटून खांड पडली तेव्हा आमचे हे माती घेऊन उतरले, ते वर आलेच नाहीत. आता तिथे फुलांच्या कुंड्या.

१४ फेब्रुवारी
उद्घाटन झालं. ठेसनाचे हर्षदसाहेब लांबचे, नागपूरकडचे. हातात माईक देऊन म्हणाले, आजी, उखाणा होऊन जाऊ द्या! विधवेला नाव घ्यायला सांगणारा हा पहिलाच. मनस्वीने डोळे वटारले. पण मी कुठली ऐकते? जन्मात घेतलं नव्हतं, ते घेतलं ठोकून:

रुळावर गाडी, गाडीला दार,
काळुरामांचं नाव घेते, आत हवा गार!

टाळ्याच टाळ्या. साहेबांनी ते भरून घेतलं. आता दर गाडीला हेच वाजणार.

घरी आल्यावर मन खायला लागलं. बांधाचा कायदा मनस्वीला ठाऊक नाय. खांड पडली की नावाने हाक मारायची. ज्याचं नाव आलं त्याने ताटावरून उठायचं, मातीचं ढेकूळ घेऊन यायचं आणि पुढच्याला हाक मारायची. म्हणून चिखलात राहिलेल्याचं नाव बांधावर कोणी घेत नाय. मेला म्हणून कायदा सुटत नाय.

२० फेब्रुवारी
दुपारच्या भरतीला फलाटाच्या कडेने ओली माती. ढेकळाला ढेकूळ लावून बसवलेलं. झाडूवाली चंद्रावती पोरांच्या नावाने बोटं मोडत होती. पोरांना असं कुठे येतं? प्रत्येक ढेकळावर अंगठा दाबायची खोड एकाच माणसाची.  मी तिला चहा पाजला.

व्हय. आलो.

२३ फेब्रुवारी
मनस्वीने वाचून दाखवताना विचारलं, आजे, मध्येच ‘व्हय, आलो’ कुणाला म्हणालीस? मी म्हटलं, फोनने पुन्हा बेसन केलं असेल. ती हसली.

मी तसं काही बोललेच नव्हते.

२५ फेब्रुवारी
साहेबांकडे गेले. पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. तो आवाज बंद करा म्हटलं. म्हणाले, आजी, तुम्ही तर रोह्यापर्यंत फेमस झालात! मुंबईहून माणूस आला की बघू. मनस्वी लाजून मला ओढत घरी घेऊन आली.

गाडी आली की माझाच आवाज. त्यांना बोलावतोय. पुन्हा, पुन्हा.

२७ फेब्रुवारी
अवसेचं उधाण. मनस्वी जेवत होती — घास खाली ठेवला. म्हणाली, फलाटावरून कोणीतरी मला नावाने हाक मारतंय, जाऊन येते.

मला काहीच ऐकू आलं नव्हतं.

दारातच अडवलं, तर तिच्या मुठीत ओली माती. कुठून आणलीस विचारलं तर — तिलाच ठाऊक नाय.

बाहेरून कडी घातली. आतून शिव्या देतेय. देऊ दे.

मी फलाटावर आले. फोन लिहितोय ना रे? लिही. चूक माझी. गंमत करायला गेले आणि पोरीच्या जिवावर —

म्हटलं, अहो, तिला सोडा. मला हाक मारा.

व्हय गो इंदू. ये.

मारली. पाय गार — हातात ढेकूळ —

आले मी. म्हणजे आता पुढची हाक — मी मारायची — हे ध्यानातच नाय आलं गो —

पोरी, मी बोलावलं तरी ओ देऊ नको. माझाच आवाज असला तरी. तुझं नाव घेत नाय मी. जन्मभर एक नाव तोंडात धरलं, हेही धरेन — गाडी आली — तोंड आपोआप —

मन