तेलाच्या कॅलेंडरवरची बाई

७ जानेवारी १९३८, अमरावती
घरमालकीण गंगाबाई फुलं विकून आली ती दारातच थांबली. "मास्तरीणबाई, वाण्यानं तुमाले दुकानात टांगलं." थट्टा वाटली. शाळेतून येताना मुद्दाम पाहिलं. केसांच्या तेलाचं कॅलेंडर. चेहरा माझा. बाकी... ओलं पातळ अंगाला चिकटलेलं, दंड उघडे, केस मांड्यांपर्यंत. खाली छापलंय: मोकळे केस, मोकळी स्त्री. वाण्यानं मान वर केली नाही. साखर न घेताच परतले.

९ जाने.
फोटो दिवाळीतला. अकोल्याला बहिणीकडे गेले होते तेव्हाचा. नीट पदर, घट्ट अंबाडा. फोटोवाला म्हणाला, जरा हसा. हसले. हस म्हणून मला कुणी म्हटल्याला किती दिवस झाले होते.

१२ जाने., अकोला
बहिणीला न सांगता फोटोवाल्याकडे गेले. चित्र त्यानंच रंगवलेलं, तसं कबूल केलं. "चेहरा तेवढा तुमचा, बाई. मानेखालचं बाजाराचं."
मला विचारलं का नाही?
"तुमी नाई म्हटलं असतं. तेलवाल्याले मोकळी बाई पाहिजे होती."
मोकळी म्हणजे?
जरा घुटमळला. "म्हणजे... जिच्या मागं कोणी विचारायले येणार नाई अशी."
परतताना गाडीच्या डब्यात बायका बोलत होत्या. मी खिडकीकडे तोंड करून बसले.

१५ जाने.
काल संक्रांत. एरवी दोन-तीन घरून तरी हळदीकुंकवाला बोलावणं येतं. नवऱ्यानं टाकलेली असले तरी सवाष्ण. यंदा नाही. गंगाबाईनं तिळगूळ दिला.

२० जाने.
मुली वर्गात माझ्या अंबाड्याकडे पाहतात. दुपारी मोठ्या बाईंनी बोलावलं. शाळेच्या कमिटीत विषय निघालाय. "तुमच्या घरचं कुणी येऊन सांगेल तर बरं, की हे तुमच्या संमतीनं नाही."
म्हटलं, माझं मीच सांगते.
"तुमचं कोण ऐकणार?" वाईट मनानं नाही बोलल्या. तेच जास्त लागलं.

२९ जाने.
हे आले. पाच वर्षांनी. घरातून काढताना म्हणाले होते, तुझ्यात पाहण्यासारखं आहे काय. आज काखेत कॅलेंडरची गुंडाळी.
"अकोल्यात समदे पाहून राहिले. मी सांगितलं, बायको आहे माही."
अभिमानानं बोलत होते. मग माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ. गुंडाळी सोडून चित्र पाहिलं. परत मला.
"केस कापले का तू?"
"एवढे कधीच नव्हते."
पाणी प्यायले. म्हणाले, "चाल घरी. कमिटीले मी समजावतो. मंग नोकरी तरी कायले पाहिजे?"
कमिटी त्यांचं ऐकेल. हे कळतं मला.

३० जाने.
हे धर्मशाळेत उतरलेत. काल ते खोलीत असताना लोट्याचा, खोकल्याचा आवाज... दुसऱ्या माणसाचा. बरा वाटला. स्वतःचा राग येतो, पण वाटला.
गंगाबाई फुलं निवडता निवडता म्हणाली, "जाता काय?"
माहीत नाही म्हटलं.
"मले एकटं जमलं. तुमाले जमते का, ते माहं पाहून ठरवू नका."
त्यांना मी हवी आहे की ती चित्रातली, विचारणार होते. विचारलं नाही. ती, असं म्हणाले तर?

३१ जाने.
सकाळी हे येऊन गेले. संध्याकाळी कमिटीपुढे जाणार आहेत. म्हटलं, मीही येते, आधी मी बोलीन.
"तू कायले? मी हाव ना."
"चेहरा माझा आहे."
निघताना म्हणाले, "घरी यायचं का नाई, ते तरी सांग."
नंतर सांगते, म्हटलं. खरंच ठाऊक नाही.
गंगाबाई आत्ताच सांगून गेली, हे शाळेकडे निघालेसुद्धा. मीही निघते. काय बोलायचं ते ठरलेलं नाही. त्यांच्या आधी पोचायला हवं.